व्हय म्हाराजा! वैभववाडीच्या वाटेवर भेटलेल्या सुखाच्या पंधरा गोष्टी

सिंधुदुर्ग म्हटलं की डोळ्यांपुढे समुद्र येतो. पण जिल्ह्याच्या आठ तालुक्यांपैकी समुद्र तिघांच्याच वाट्याला आला आहे: देवगड, मालवण आणि वेंगुर्ला. वैभववाडीच्या वाट्याला आला सह्याद्री. पाठीशी करूळ आणि भुईबावड्याचा घाट, पायाशी भातखाचरं, आणि नाधवड्याच्या महादेवाजवळ जमिनीतून आपोआप वर येणारं पाणी. त्या पाण्याला इथे म्हणतात ‘उमाळा’. दूरच्या लेकराची आठवण येऊन आईला जे दाटून येतं, त्यालाही मराठीत उमाळाच म्हणतात!

इथला नापणे धबधबा बारमाही आहे. २०२५ साली त्यावर काचेचा पूल झाला आणि पर्यटकांची रीघ लागली. पण भर मे महिन्यात इतर धबधबे नुसते काळे कातळ होऊन उभे असताना हा वाहत राहतो, कारण त्याच्या पाठीशी कोसळणाऱ्या पावसाचं नव्हे, झऱ्याचं पाणी आहे. सुखाचंही असंच असतं. ते मोठ्या सरीपेक्षा रोजच्या झऱ्यावर जास्त टिकतं. जगभरच्या मानसशास्त्रज्ञांनी गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे शोधलं, त्यातलं बरंचसं या गावांच्या रोजच्या वागण्यात आधीपासूनच आहे. कसं ते बघू या.

१. दुःखाचं नाव घेतलं की ते निम्मं होतं

गणपतीसमोर घरातली सगळी मंडळी हात जोडून उभी. समया लावलेल्या, आरतीच्या कापराचा वास अजून हवेत. घरातलं जाणतं माणूस गाऱ्हाणं घालायला लागतं. कुणाचं लग्न अडलं आहे, कुणाची नोकरी गेली आहे, कुणाच्या अंगात दुखणं घर करून बसलं आहे, सगळं मोठ्याने देवाच्या कानावर घातलं जातं. दर वाक्यानंतर मागचे सगळे एका आवाजात म्हणतात, “व्हय म्हाराजा!”

आता लॉस एंजेलिसला जाऊ. २००७ साली तिथल्या विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन यांच्या चमूने लोकांना रागावलेले, घाबरलेले चेहरे दाखवले आणि त्याच वेळी त्यांच्या मेंदूची प्रतिमा टिपली. चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतला भीतीची घंटा वाजवणारा बदामाएवढा भाग, अमिग्डला, शांत होताना दिसला. त्याआधी १९८६ साली अमेरिकेतल्या जेम्स पेनबेकर यांनी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातलं सगळ्यात जड ओझं कागदावर उतरवायला लावलं. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईट वाटलं. पण पुढच्या सहा महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या!

करून बघा: मन जड झालं की “काही नाही, बरं आहे” म्हणण्याआधी एक खरं वाक्य बोला. “आज मला भीती वाटते आहे.” एवढंही पुरतं.

२. मराठीचा भावनांचा डबा भरलेला आहे

‘मूड नाही’ हे वाक्य सगळ्या दुखण्यांवर एकच गोळी दिल्यासारखं आहे. आपल्याकडे त्याऐवजी काय काय आहे बघा. गाडी सुटायच्या आधीच लागते ती हुरहूर. करायचं राहून गेलं ती रुखरुख. पाहुण्याच्या पिशवीत लाडूंचा डबा ठेवायचा राहिला ती चुटपुट. निर्णय होत नाही ती घालमेल. निकालाच्या दिवशी जीव होतो तो कासावीस. जुन्या घराचं कुलूप काढताना येतं ते गलबलून. आणि कुणी पाठीवर थाप मारली की चढतो तो हुरूप.

अमेरिकेतल्या लिसा फेल्डमन बॅरेट यांनी या बारकाव्यावर अनेक वर्षं काम केलं आहे. स्वतःच्या भावना बारकाईने वेगवेगळ्या ओळखणारी माणसं ताणाच्या वेळी दारूकडे आणि आदळआपटीकडे कमी वळतात, असं या क्षेत्रातल्या अभ्यासांत दिसलं. कारण साधं आहे. रुखरुख असेल तर राहिलेलं काम उरकायचं, हुरहूर असेल तर फोन करायचा. नाव बरोबर लागलं की उपाय आपोआप सुचतो. आजीचे शब्द जपून ठेवा; त्यांत तिचं मानसशास्त्र आहे.

३. भजनात सुरांआधी माणसं जुळतात

सिंधुदुर्गात भजनाची डबलबारी लागली की माणसं रात्र जागवतात. दोन बुवा समोरासमोर, पखवाज आणि झांजा, मधे गजर, आणि कोरसाला गावातलीच मंडळी. गणपतीत तर वाडीतल्या घराघरांत फिरून भजनं होतात. प्रत्येक घरी चहा आणि उसळ ठरलेली. कोरसात बसायला गळा गोड असायलाच हवा असं कुणीही म्हणत नाही.

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी प्रौढांच्या नव्या वर्गांचा सात महिने मागोवा घेतला आणि निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध केले. काही वर्ग गाण्याचे होते, काही हस्तकलेचे, काही लेखनाचे. शेवटी सगळ्याच वर्गांत मैत्री जमली, पण गाणाऱ्यांची सगळ्यांत आधी. अनोळखी माणसांमधला संकोच गाण्याने झटकन मोडतो. वाडीत नव्याने आलेल्या सुनेला फुगडीत ओढतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. हात धरून दोन गिरक्या घेतल्या की ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

४. वानवळा: दुसऱ्यावर खर्चलेला रुपया जास्त गोड

फणस कापला की गऱ्यांचं एक ताट शेजारी जातं. पहिली काकडी निघाली की एक वरच्या घरी, एक खालच्या घरी. पोर नुसतं “आयेन दिल्यान” म्हणत ताट पुढे करतं. या देण्याला ‘वानवळा’ असा गोड शब्द आपल्याकडे आहे. ताट रिकामं परत करायचं नाही, हा त्याचा न लिहिलेला नियम. निदान चार मिरच्या तरी त्यात येतात.

२००८ साली एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी कॅनडात लोकांना सकाळी पाकिटं वाटली. कुणाच्या पाकिटात ५ डॉलर, कुणाच्या २०. काहींना सांगितलं, संध्याकाळच्या आत स्वतःवर खर्च करा. काहींना सांगितलं, दुसऱ्यावर करा. संध्याकाळी जास्त खूश कोण होते? दुसऱ्यावर खर्च करणारे. आणि पाच की वीस, याने काहीही फरक पडला नाही! चार गरे असोत की अख्खा फणस, देणाऱ्याचं मन तेवढंच भरतं.

५. गणपतीपेक्षा गणपतीची वाट पाहणं मोठं

२०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या. त्या आकड्यामागे मुंबईला कामाला गेलेले चाकरमानी आहेत. म्हणून इथे वाट पाहणं हा घरोघरचा ऋतू आहे. रेल्वेचं आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी खुलायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. तिकीट पक्कं झाल्याचा निरोप मुंबईहून येतो आणि गावात गणपतीवर टांगायची लाकडी चौकट, माटवी, माळ्यावरून उतरवून पुसायला काढतात, भिंतींचा रंग ठरतो, चतुर्थीचे दिवस बोटांवर मोजायला सुरुवात होते.

नेदरलँड्समध्ये १,५३० माणसांच्या सुट्ट्यांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे लोक सहलीच्या आधीच इतरांपेक्षा जास्त आनंदी होते. परतल्यावर मात्र बहुतेकांचा आनंद पुन्हा इतरांच्याच पातळीवर आला. सुट्टीतलं मोठं सुख वाट पाहण्यातच असतं.

करून बघा: वर्षातली एकच मोठी सहल आखण्यापेक्षा चार लहान भेटी ठरवा आणि त्या आधीच ठरवा. चार वेळा वाट पाहायला मिळेल.

६. “तुमी खंयचे?”

कोकण रेल्वेत राजापूर मागे पडलं की माणसं सरसावून बसतात. शेजारच्याला पहिला प्रश्न येतो, “तुमी खंयचे?” गाव सांगितलं की वाडी, वाडी सांगितली की घर, आणि तिसऱ्या मिनिटाला कुणाच्या तरी मावशीचं सासर निघतंच. वैभववाडी रोड स्टेशन येईपर्यंत खिडकीतून पिशव्या खाली देण्याइतकी जवळीक झालेली असते.

शिकागोच्या निकोलस एपली आणि जुलियाना श्रोडर यांनी २०१४ साली हेच तपासलं. लोकल गाडीने रोज जाणाऱ्यांना त्यांनी अनोळखी शेजाऱ्याशी बोलायला सांगितलं. लोकांचा अंदाज होता की प्रवास कंटाळवाणा होईल. झालं उलट! बोलणाऱ्यांचा प्रवास गप्प बसणाऱ्यांपेक्षा आनंदात गेला. प्रत्येकाला वाटतं की समोरच्याला बोलायचं नाहीये, आणि समोरच्यालाही नेमकं तसंच वाटत असतं. ही कोंडी कोकणात एका प्रश्नाने सुटते.

७. घाटातल्या फोटोत स्वतः लहान दिसा

करूळच्या घाटात गाडी वळणं घेत चढते. एका वळणावर धुकं फाटतं आणि खाली अख्खं खोरं उघडं पडतं. वर गगनगड, खाली पावसाने चकाकणारी खाचरं, डोंगरांच्या अंगावर पांढऱ्या रेघांसारखे धबधबे. गाडीतलं बोलणं आपोआप थांबतं.

त्या थांबण्याचा अभ्यास झाला आहे. सॅन फ्रान्सिस्कोत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वयस्क मंडळींना आठ आठवडे, दर आठवड्याला पंधरा मिनिटं फिरायला पाठवलं. निम्म्यांना एवढंच जास्तीचं सांगितलं: जे बघाल ते नवलाने बघा. सगळ्यांनी स्वतःचे फोटो काढून आणले. नवलाने बघणाऱ्यांच्या फोटोंत आठवड्यागणिक दोन बदल दिसले. चेहऱ्यावरचं हसू रुंदावत गेलं, आणि फोटोतली स्वतःची आकृती लहान होत भोवतालचं जग मोठं होत गेलं. आपण लहान झालो की आपल्या काळज्याही लहान होतात!

८. राईत दोन तास

गावोगावच्या देवराईत कुऱ्हाड चालत नाही. देवाची झाडं ती. आत शिरलं की ऊन गाळून येतं, पायाखाली पाचोळा दबतो आणि माणूस नकळत हळू बोलायला लागतो.

जपानच्या वनखात्याने १९८२ साली अशा फिरण्याला ‘शिनरिन-योकू’ असं नाव दिलं, म्हणजे रानाने न्हाणं. इंग्लंडमधल्या सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत २०१९ साली दिसलं की आठवड्याला निदान १२० मिनिटं निसर्गात घालवणारे स्वतःची तब्येत आणि मन चांगलं असल्याचं जास्त सांगतात. ते एका दमात घालवा की दिवसाला वीस मिनिटं, फरक पडत नाही. आणि जाताच येत नसेल तर? १९८४ साली रॉजर उलरिक यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी चाळल्या. ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते विटांची भिंत बघणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना कडक वेदनाशामकंही कमी लागली. आजारी माणसाची खाट खिडकीकडे सरकवा. त्याला खर्च काहीच नाही.

९. मृगाच्या वासाचं वय फक्त साठ वर्षांचं

वास जगाइतका जुना, पण त्याचं शास्त्रीय नाव ताजं. १९६४ साली इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियन संशोधकांनी पहिल्या पावसाच्या वासाला ‘पेट्रिकोर’ म्हटलं. ग्रीक भाषेत पेट्रा म्हणजे दगड, आणि इकोर म्हणजे देवांच्या अंगातून वाहणारा द्रव. आपला ‘मृद्गंध’ जास्त सरळ आणि जास्त सुंदर.

या वासातला मुख्य घटक जिओस्मिन. मातीतले जिवाणू तो तयार करतात आणि आपलं नाक तो हवेत अगदी अब्जांशाहूनही कमी असला तरी हेरतं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी २०१५ साली वेगवान कॅमेऱ्याने पाहिलं: थेंब मातीवर आपटला की आत हवेचे बुडबुडे अडकतात, वर येऊन फुटतात आणि वास तुषारांवर बसून पसरतो. म्हणून सर अजून घाटावर असते आणि वास आधी अंगणात येतो. त्या मिनिटाला हातातलं काम ठेवून ओटीवर या. वर्षातून एकदाच मिळतो तो.

१०. तरवा लावताना मन कुठेही जात नाही

डोक्यावर इरलं, हातात तरव्याची जुडी, गुडघाभर चिखल. रोप अंगठ्याने दाबायचं, पाऊल मागे घ्यायचं, पुन्हा दाबायचं. कंबर मोडते, यात शंकाच नाही. पण लावणीच्या माणसांचे विनोद आणि गाणी बांधावरून ऐकू येतात, ती काही उगाच नव्हेत. त्यात सावड असते. आज तुमच्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तुम्ही.

हार्वर्डच्या मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली २,२५० जणांना फोनवरून दिवसभर अधूनमधून विचारलं: आत्ता काय करता, मन कुठे आहे, कसं वाटतंय? उत्तर चकित करणारं होतं. जागेपणीचा ४६.९ टक्के वेळ लोकांचं मन हातातल्या कामात नव्हतं. आणि भरकटलेलं मन जास्त दुःखी होतं, मग काम कितीही आवडीचं असो. ज्या कामात हात, डोळे आणि सोबत तिन्ही गुंतलेले असतात, ते मनाला घरी ठेवतं. शेत नसेल तर भाजी निवडा, अंगण सारवा, कुंडीत रोप लावा. फोन मात्र दुसऱ्या खोलीत असू द्या.

११. पेजेची वाटी आणि पोटातलं मन

सकाळचं काम उरकून अकराच्या सुमाराला उकड्या तांदळाची पेज पुढ्यात येते. वाफाळती, मिठाचं बोट लावलेली. तोंडी लावायला लोणच्याची फोड, खोबऱ्याची कातळी किंवा भाजलेलं सुकं. पहिला घोट पोटात गेला की खांदे सैल होतात. हे ज्याने अनुभवलं आहे त्याला वेगळं सांगायला नको.

मनःस्थितीशी जोडलं जाणारं सिरोटोनिन हे रसायन शरीरात जेवढं आहे, त्यातलं सुमारे ९० टक्के पोटात, आतड्यांत असतं! मात्र ते थेट मेंदूत चढत नाही, त्यामुळे ‘अमुक खा आणि आनंदी व्हा’ या जाहिरातींना भुलू नका. पोट आणि मेंदू एका लांबलचक मज्जातंतूने बोलत असतात, एवढं मात्र खरं. वेळेवर, बसून, कुणाच्या तरी सोबत खाल्लेलं साधं अन्न हा त्या संवादातला सगळ्यात गोड शब्द आहे. कोकणात माणूस भेटल्यावर “जेवलास?” विचारतात. तब्येतीची आणि मनाची चौकशी त्या एका शब्दात होते.

१२. वामकुक्षीला विमानचालकांची साक्ष

दुपारी बाजारपेठ थंडावते. दुकानाची फळी ओढलेली, कुत्रंही पडवीच्या सावलीत. वामकुक्षी म्हणजे डाव्या कुशीवर घेतलेली विश्रांती: वाम म्हणजे डावी, कुक्षी म्हणजे कूस. नासाने लांब पल्ल्याच्या विमानचालकांवर प्रयोग केला. त्यांना उड्डाणात चाळीस मिनिटांची मुभा दिली; ते सरासरी २६ मिनिटं झोपले आणि न झोपलेल्यांपेक्षा अधिक सावध राहिले. अर्ध्या तासाच्या आत उठा, हे त्यातलं मर्म. त्यापुढे गेलात तर डोकं जड होतं आणि रात्रीची झोपही रुसते.

१३. लॉटरीने नाश्त्याची चव घालवली

१९७८ साली फिलिप ब्रिकमन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात लॉटरी लागलेल्या २२ जणांना गाठलं आणि त्यांची तुलना साध्या शेजाऱ्यांशी केली. विजेते विशेष आनंदी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, मासिक वाचणं, एखादा विनोद ऐकणं, अशा रोजच्या गोष्टींतून त्यांना शेजाऱ्यांपेक्षा कमी मजा मिळत होती. मोठ्या सरीने झरा गढूळ केला!

सुखाचा आयुष्यभर अभ्यास केलेल्या एड डीनर यांनी १९९१ साली सहकाऱ्यांसोबत यावर बोट ठेवलं. माणूस सुखी आहे की नाही हे त्याचे आनंद किती मोठे आहेत यापेक्षा ते किती वरचेवर येतात यावर ठरतं. म्हणून दिवसाला तीन-चार छोट्या गोष्टींना जागा ठेवा. एक कप चहा, एक फोन, एक चक्कर.

१४. दाराला बांधलेली कृतज्ञता

आश्विनात भात पिकतं. भाताची लोंबी, आंब्याचं पान, कुरडूचं फूल एकत्र गुंफून ‘नवं’ बांधतात: देव्हाऱ्याला, दाराला, धान्याच्या कणगीला. कोजागरीला कोकणात नवान्न पौर्णिमा म्हणतात ती यामुळेच. नवा तांदूळ आधी देवापुढे, मग आपल्या पानात.

रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांनी २००३ साली एका गटाला दहा आठवडे, दर आठवड्याला, कृतज्ञ वाटलेल्या पाचपर्यंत गोष्टी लिहायला सांगितल्या. कटकटी लिहिणाऱ्या गटापेक्षा हा गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी राहिला आणि दुखण्याच्या तक्रारीही त्यांनी कमी केल्या. रोज लिहायचंच असं नाही. आठवड्यातून एकदा, पण मनापासून, हे चांगलं चालतं. रोज उरकायचं काम झालं की आभारही कोरडे होतात. सण वर्षातून एकदा येतो म्हणूनच दाराचं नवं बघून मन भरतं.

१५. आठ दशकांचा हिशेब आणि एकच बाकी

हार्वर्डमध्ये १९३८ पासून एक अभ्यास चालू आहे. २६८ विद्यार्थी आणि बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं, एकूण ७२४ जण. त्यांची लग्नं, नोकऱ्या, आजारपणं, म्हातारपण सगळं नोंदवलं गेलं. पुढे त्यांच्या बायका आणि मुलंही अभ्यासात आली. आठ दशकांचा निष्कर्ष एका ओळीत मावतो: चांगली नाती माणसाला सुखी आणि निरोगी ठेवतात. पन्नाशीत ज्यांचे संबंध जिव्हाळ्याचे होते ते ऐंशीत सगळ्यात धडधाकट होते. कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षाही हा अंदाज बरोबर ठरला. मालवणीत ‘वांगडा’ असा शब्द आहे, म्हणजे सोबत, बरोबरीने. या अभ्यासाला मराठी नाव द्यायचं तर एवढा एक शब्द पुरेल.

झटपट खरं-खोटं

*“सवय २१ दिवसांत लागते.”* खोटं. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४. तिसऱ्या आठवड्यात चालणं चुकलं तर स्वतःवर रागावू नका.

*“दातांत पेन धरून हसलं की आनंद होतो.”* १९८८ च्या प्रयोगाने हे गाजलं. २०१६ साली अनेक प्रयोगशाळांनी मिळून पुन्हा पाहिलं तेव्हा परिणाम दिसला नाही. त्यापेक्षा हसवणारं माणूस शोधा.

*“हास्यक्लब परदेशातून आले.”* खोटं. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांसह पहिला क्लब सुरू केला. तिथून तो जगभर गेला.

*“पैशाने सुख मिळत नाही.”* अर्धं खरं. डॅनियल काहनेमन आणि किलिंग्जवर्थ यांच्या २०२३ च्या अभ्यासात बहुतेकांचं सुख उत्पन्नाबरोबर वाढत गेलं. पण जे आतून फार दुःखी होते त्यांना एका टप्प्यापुढे पैशाने दिलासा दिला नाही. चूल पेटायला पैसा हवाच. आतली जखम मात्र माणसानेच भरते.

*“आनंदाचा दिवस असतो.”* खरं. २० मार्च. संयुक्त राष्ट्रांनी २०१२ साली ठरवला, भूतानच्या पुढाकाराने.

आणि झरा आटल्यासारखा वाटला तर

ही सगळी फुंकर आहे, औषध नव्हे. उदासी दोन आठवड्यांहून जास्त दिवस रेंगाळली, झोप आणि भूक गेली, आवडीच्या कामातही जीव रमेना, जगणं नको वाटू लागलं, तर तो आळस नव्हे, बाहेरचं काही लागलेलं नव्हे आणि मनाचा कमकुवतपणाही नव्हे. तो आजार आहे आणि त्याला उपचार आहेत. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक फोनमध्ये आत्ताच साठवा. स्वतःसाठी लागला नाही, तर शेजाऱ्यासाठी लागेल.

शेवटी पुन्हा त्या गणपतीसमोर येऊ. गाऱ्हाणं कुणीही एकट्याने घालू शकतं. देव ऐकतो, अशी श्रद्धा असली की झालं. पण नीट कान द्या: गाऱ्हाण्यातली खरी ताकद मागून येणाऱ्या आवाजात असते. एकाने आपलं दुखणं सांगायचं आणि दहा जणांनी म्हणायचं, हो, ऐकलं, आमचंही तेच मागणं आहे. ते ‘व्हय म्हाराजा’ स्वतःचं स्वतःला म्हणता येत नाही. त्याला दुसरं माणूस लागतं.

आज संध्याकाळी कुणाला तरी फोन करा. “बरा आसा मां?” विचारा आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबा. ते जे काही सांगतील, त्यावर मनापासून एवढंच म्हणा: व्हय म्हाराजा.